कर्ण्याला पोट नसतं

मला कर्णा आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. लाऊडस्पीकरचा तो पत्र्याचा कर्णा, पूर्वी लग्नात, जत्रेत, निवडणुकीत झाडावर बांधायचे तो. त्याचा आवाज मला लहानपणापासून टोचायचा. गाणं कुठलंही असो, त्यातलं मांस कुणीतरी काढून घेतलंय आणि नुसती हाडं वाजतायत असं वाटायचं. ही नावड माझ्यापुरती राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण मी तो आवाज दुरुस्त करायला गेले, आणि त्या नादात एका भल्या माणसाचं जे नुकसान केलं ते आज जवळजवळ पन्नास वर्षांनीही माझ्या घशाखाली उतरत नाही.

आमच्या वडूजमध्ये लाऊडस्पीकर म्हणजे चाचा. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. चाचांनी तेच कथील उचलून रेडिओत नेलं. "बानं पातेल्याला लावलं, मी रेडिओला लावतो. कथील त्येच हाय," असं ते सांगायचे. पेठेत त्यांचं एका दाराचं दुकान होतं. पुढे रेडिओ दुरुस्ती, मागे भाड्यानं द्यायचं सामान: दोन कर्णे, माईक, रेकॉर्डचा प्लेयर आणि करड्या रंगाचा जड ॲम्प्लिफायर, ज्याला ते नुसतं 'मशीन' म्हणत. आमचं घर रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या बरोबर समोर. शाळेत असताना कथलानं तारा जोडायला, म्हणजे डाग द्यायला, मी त्यांच्याकडेच शिकले. आईला ते पसंत नव्हतं. चाचा तिला म्हणाले, "वैनी, डाग दिताना पोरगा हाय का पोरगी, कथील इचारत न्हाई. हात थिर लागतो. हिचा हाय."

चाचांचे कान हे गावातलं एक नवल होतं. कुणी रेडिओ आणला की ते तो उघडायचेच नाहीत. आधी लावायचे, डोळे मिटायचे, मान थोडी वाकडी करायचे आणि सांगायचे, आतलं काय गेलंय ते. मग उघडायचे, आणि तेच गेलेलं असायचं. मीटर होता त्यांच्याकडे, पण त्याचा काटा कुठल्याशा पावसाळ्यात अडकला तो अडकलाच. त्यांनी तो कधी दुरुस्त केला नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडली नाही.

मी पुढे शिकायला सांगलीला गेले आणि तिथल्याच एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर झाले. सत्तरचं दशक निम्म्यावर आलं होतं. नोकरी लागली त्या दिवसापासून चाचा मला 'म्याडम' म्हणायला लागले. निव्वळ चिडवण्यासाठी. "आल्या का म्याडम सांगलीस्नं? आमच्या मशीनला शिकवा कायतरी," असं म्हणून खदाखदा हसायचे. मला ते आवडायचं. आणि खरं सांगायचं तर शिकवण्यासारखं आपल्याकडे काहीतरी आहे, असंही वाटायला लागलं होतं.

त्याला कारण झाला आमच्या कॉलेजातला रेकॉर्ड प्लेयर. गॅदरिंगला, पाहुण्यांच्या स्वागताला तो बाहेर काढायचे. आवाज चिरका आणि किडमिडीत. तबल्याचा डग्गा त्यावर कधी ऐकूच यायचा नाही. एकदा मी तो मागून उघडला. त्या काळच्या प्लेयरच्या डोक्यात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, एक स्फटिकाचा तुकडा असायचा. सुई थरथरली की तो दाबला जायचा आणि त्यातून वीज निघायची, अगदी नखभर. ती पुढे मशीनमध्ये शिरते तिथे दारातच एक रेझिस्टन्स लावलेला असतो. तो किती मोठा आहे त्यावर सगळं अवलंबून. लहान असला की खर्जातले सूर तिथेच गळून पडतात, मोठा असला की ते आत जातात. आमच्या प्लेयरला फारच लहान लावला होता. मी वहीत गणित मांडलं, मोठा आणला, दोन डाग दिले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तीच जुनी रेकॉर्ड लावली तर डग्गा असा घुमला की आमचे विभागप्रमुख चहाचा कप हातात धरून उभे राहिले. "अहो, हा तबलजी आजवर कुठे होता?" म्हणाले. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्याच उन्हाळ्यात माझ्या आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्याचं गाव वडूजपासून चार मैलांवर. माळरानाचं गाव, बाजरी-मटकी पिकवणारं. नवरा मुलगा मात्र फलटणकडचा, उसाच्या घरातला, शिवाय पलटणीत. दोन आठवड्यांच्या रजेवर येऊन लग्न करून परत जाणार होता. एवढं तालेवार स्थळ आल्यामुळे आत्याकडे सगळ्यांच्या छातीत धडधड होती. पाहुण्यांना काही कमी दिसता कामा नये, हेच चाललेलं. स्पीकर चाचांचाच सांगा, असं मीच आत्याला म्हटलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दुकानात जाऊन बसले. चाचा मशीन तपासत होते. दुकानात एक लाकडी पेटीतला स्पीकर होता, त्यावर त्यांनी सनई-चौघड्याची रेकॉर्ड लावली. तोच किडमिडीत आवाज. प्लेयरची वायर मशीनमध्ये शिरते त्या सॉकेटमागे मी वाकून पाहिलं. रेझिस्टन्सवरचे पट्टे: लाल, लाल, पिवळा. म्हणजे दोन लाख वीस हजार ओहम. असल्या कार्ट्रिजला जेवढा लागतो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा.

"चाचा, हा चुकीचा रेझिस्टन्स आहे," मी म्हटलं. "ह्यानं सगळा खर्ज जातोय. मोठा लावायला पाहिजे."

"असू दे. मीच लावलाय त्यो."

"पण का?"

चाचांनी जरा विचार केला. त्यांना ते शब्दांत सांगायची कधी वेळच आली नसावी. मग म्हणाले, "म्याडम, कर्ण्याला पोट नसतंय. त्येला नुसतं तोंड हाय. पोटातला आवाज त्येला दिऊ न्ये, त्येला सोसत न्हाई."

मी हसले. मोठ्यानं हसले. वहीत गणित मांडणारी बाई मी, आणि हे मला पोटाच्या आणि तोंडाच्या गोष्टी सांगणार! माझ्या मनात दुसरंही आलं होतं, तेही लपवत नाही: चाचा आता साठीकडे आले, कर्ण्यांच्या शेजारी जन्म गेला, कान मंदावले असणार, म्हणून त्यांना हा चिरका आवाज बरोबर वाटतो. त्यांच्यावरच्या मायेनंच मला असं वाटलं, अशी मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली.

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ झाली. चाचा उठले, टोपी घातली. "दुकानाकडं बघा जरा, म्याडम," म्हणाले आणि मशिदीत गेले. त्यांचा पुतण्या, पंचविशीतला, कर्णे बांधायला आत्याच्या गावी गेला होता. दुकानात मी एकटी. मी डाग द्यायचं हत्यार तापवलं, जुना रेझिस्टन्स उतरवला आणि चाचांच्याच डबीतला बावीस लाखांचा तिथे बसवला. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. मग त्या लाकडी पेटीवर हळूच रेकॉर्ड लावून पाहिली. चौघडा असा वाजला की दुकानातल्या फळीवरचे खिळे थरथरले. मी खुशीत सगळं बंद केलं. त्यांना आत्ता सांगायचं नाही, असं ठरवलं. उद्या लग्न पार पडलं, चार पाहुण्यांनी येऊन आवाजाची तारीफ केली, की मग ऐटीत सांगायचं. जुना रेझिस्टन्स मी पर्समध्ये टाकला.

लग्नाच्या दिवशी सकाळी चाचांनी आत्याच्या ओसरीवर मशीन मांडलं. एक कर्णा मांडवापुढच्या लिंबावर, दुसरा शाळेच्या पत्र्यावर, पाहुण्यांच्या वाटेकडे तोंड करून. सनई-चौघडा सुरू झाला, आवाज भरपूर मोठा, कारण फलटणची मंडळी येताना वेशीपासून ऐकू जायला हवा होता. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन ओसरीवरून चालले होते. चाचांनी हात केला.

"म्याडम, जरा हिकडं या. आवाज आज जड लागतोय का वो?"

"जड म्हणजे?"

"खाली कायतरी गुरगुरतंय. कर्णा दमल्यागत वाटतोय."

त्यांचा हात आवाजाच्या बटणावर होता. ते तो कमी करणार होते, मला दिसत होतं. आणि माझं गुपित तर मला संध्याकाळपर्यंत राखायचं होतं. "काही जड नाही चाचा," मी म्हटलं. "उलट चौघडा आज पहिल्यांदा चौघड्यासारखा वाजतोय. तुमच्याच कानात दडे बसलेत."

त्यांनी कानात करंगळी घातली, हलवली, पुन्हा ऐकलं. "आसंल बी," म्हणाले. "वय झालं आता." आणि बटणावरचा हात काढून घेतला.

पाहुणे आले, पाय धुणं झालं, सनई-चौघडा वाजतच होता. शाळेवरचा कर्णा आधी फरफरला, मग एकदम गप्प झाला. पण तो लांब, आणि मांडवात हजार माणसांचा कालवा. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. लिंबावरचा मुहूर्ताला थोडा वेळ असताना गेला. पुतण्या झाडावर चढला, वायर हलवली, उतरला, पुन्हा चढला. तोवर अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी माईक तोंडाशी घेऊन मंगलाष्टका सुरू केल्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज पुढच्या चार रांगांच्या पलीकडे जात नव्हता.

त्या दिवसांत मांडवातली माणसं कर्ण्याचा आवाज ऐकूनच अक्षता टाकायची. 'सावधान' ऐकू आलं की हात वर. आता मागच्यांना काही ऐकूच येईना. पुढच्यांचे हात बघून ती अक्षता टाकायला लागली. कुणी लवकर, कुणी उशिरा, कुणी पुढच्याच्या पागोट्यात. पोरं हसायला लागली. त्याहून वाईट पुढेच होतं. वाजंत्री मांडवाबाहेर, शेवटच्या सावधानची वाट बघत उभे. त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं. अक्षतांची एक मोठी लाट उडालेली पाहून त्यांना वाटलं, झालं लग्न, आणि त्यांनी तिसऱ्याच मंगलाष्टकेला ताशे बडवायला सुरुवात केली. अर्धा मांडव उठला. माणसं एकमेकांना भेटायला लागली, कुणी पंगतीकडे पळालं. आणि नवरा-नवरी अजून अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, हातात हार घेऊन, इकडेतिकडे बघत.

कसंबसं सगळ्यांना पुन्हा बसवून लग्न लावलं. पण अपशकुन झाला, तो झालाच. नवऱ्या मुलाचे चुलते, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तडक ओसरीवर आले. सगळ्या मांडवादेखत चाचांसमोर उभे राहिले.

"कर्णं फुटाय लागल्यालं ऐकू आलं न्हाई तुमाला? सकाळधरनं फरफरत्यात! कानात बोळं घातल्यात काय?" मग आत्याच्या यजमानांकडे वळून म्हणाले, "बहिऱ्या माणसाला स्पीकर दिला कुनी?"

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. चाचा मशीनशेजारी उभे होते, दोन्ही हात पुढे धरून. मी बायकांच्या घोळक्यात दहा हातांवर होते. मुठीत अक्षता तशाच होत्या, घामानं ओल्या झालेल्या. काय झालं हे मला दुसरा कर्णा गेला तेव्हाच कळलं होतं. माझं गणित लाकडी पेटीच्या स्पीकरसाठी बरोबर होतं. कर्ण्याच्या आतली चकती खर्ज पेलू शकत नाही, ती नको तेवढी हलते आणि तडकते. चाचांनी तो लहान रेझिस्टन्स चुकून लावलेला नव्हता, कर्णा वाचवण्यासाठीच लावला होता. कर्ण्याला पोट नसतं म्हणजे हेच. फिजिक्सच्या पुस्तकात ते चार ओळींचं समीकरण असतं आणि चाचांनी मला ते एका वाक्यात सांगितलं होतं. पुढे व्हायचं, एवढंच बोलायचं, 'त्यांची चूक नाही, माझी आहे.' मी पुढे झाले नाही. फलटणच्या पाहुण्यांपुढे, आत्याच्या घरात, कॉलेजातल्या बाईनं लग्न नासवलं असं व्हायला मला नको होतं. दुसरं कुठलंही कारण मी शोधत नाही.

संध्याकाळी दुकानात चाचांनी दोन्ही कर्ण्यांची युनिटं उघडली. आतल्या चकत्या पापडासारख्या तडकल्या होत्या. मी दारात उभी होते. सांगायलाच गेले होते मी, निदान घरातून निघाले तेव्हा तरी.

"मला सकाळीच ऐकाय आलं व्हतं बगा," चाचा चकतीकडे बघत म्हणाले. "जड लागत व्हतं. पर तुमी म्हनला, दडं बसल्यात. आन पुतन्या बी म्हनला, झ्याक लागतोय." चकती खाली ठेवून म्हणाले, "दोगं सांगत्यात म्हंजी माजंच कान ग्येलं. जड नसताना जड ऐकाय आलं, आन फुटत व्हतं तवा ऐकाय आलं न्हाई."

फुटत होतं तेव्हा ते ओसरीवर होते, मांडवाच्या गलक्यात. तिथे कुणालाच ऐकू आलं नसतं. हेही मला कळत होतं. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, माझ्यावर तर नाहीच. तेच सहन होईना. "होतं असं कधीकधी," असं काहीतरी पुटपुटून मी रस्ता ओलांडून घरी आले. परीक्षेचं काम आहे अशी थाप मारून तिसऱ्या दिवशी मायणी-विट्याच्या एसटीत बसले.

सांगलीला आल्यावर मला एक गोष्ट उशिरा सुचली, आणि सुचली तेव्हा रस्त्यात उभी राहिले. बावीस लाखांचा तो रेझिस्टन्स अजून मशीनमध्येच होता. म्हणजे नव्या चकत्या घातल्या तरी त्याही तडकणार. वडिलांच्या पत्रात आलंच: 'चाचांचे कर्णे पुन्हा गेले, बारशात. आता लोक दहिवडीचा स्पीकर सांगतात. चाचा थकले, त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणतात.' पुढच्या पत्रात आलं की पोरं त्यांना 'बहिरा स्पीकरवाला' म्हणून हाक मारतात. मी पत्र लिहायला बसले. एकदा 'तीर्थरूप चाचांस' इथपर्यंत, एकदा अर्ध्या पानापर्यंत. दोन्ही फाडली. चाचांना वाचता येत नव्हतं, ते पत्र पुतण्याच वाचून दाखवणार, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला कळणार, एवढाच विचार डोक्यात यायचा.

इकडे सांगलीत माझं नाव मात्र वाढत चाललं होतं. गावातल्या एका डॉक्टरांच्या भावानं परदेशातून मॅग्नेटिक कार्ट्रिजचा प्लेयर आणला होता. आवाज कर्कश लागतो म्हणून त्यांनी मला बोलावलं. असल्या कार्ट्रिजची तऱ्हा वेगळी असते, तिला सत्तेचाळीस हजार ओहम लागतात आणि मधली वायरसुद्धा फार लांब चालत नाही. मी वायर तोडून आखूड केली, रेझिस्टन्स बदलला. आवाज मऊ झाला. "काय कान आहे हो तुमचा!" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पत्नीनं चहा आणि चिवडा पुढे ठेवला. मी बशीला हात लावला नाही. डोकं दुखतंय म्हणून उठून आले आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले.

दिवाळीला वडूजला आले ती एक गोष्ट ठरवूनच. चाचांना सांगायचं, हे नाही. ते मी ठरवलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं. मशीन पहिल्यासारखं करायचं, एवढं ठरवलं होतं. जुना रेझिस्टन्स पर्समध्ये तसाच होता. दुकानात पुतण्या कारभार बघत होता आणि चाचा बाहेर स्टुलावर बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले. पूर्वी कधी उठत नसत. "या म्याडम," म्हणाले. त्या 'म्याडम'मध्ये आता चिडवणं नव्हतं, नुसता मान होता.

असरला ते मशिदीत गेले, पुतण्या चहाला घरी गेला. "म्याडम हायत दुकानात," असं म्हणून दोघंही निर्धास्त गेले. मी तेच हत्यार तापवलं, त्याच जागी दोन डाग दिले. बावीस लाखांचा काढला, लाल-लाल-पिवळा बसवला. हात अजिबात थरथरला नाही.

दोघं परत आल्यावर पुतण्यानं दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी मशीन तपासायला घेतलं. कर्णा दारात उभा केला, सनई-चौघड्याची तीच रेकॉर्ड लावली. चाचा बाहेर स्टुलावर होते. सुई टेकली, सनई सुरू झाली, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. मान थोडी वाकडी केली, पूर्वी करायचे तशी. मग डोळे उघडून एकदम म्हणाले, "आता बरुबर! आता पयल्यासारकं लागतंय. जड न्हाई."

पुतण्या हसला. "चाचा, काल बी हीच रेकाट, हीच मशीन. कुनी हात लावलाय व्हय? तुमास्नी आपलं कायबी ऐकाय येतं."

"आरं, फरक हाय रं. लय फरक हाय. ऐक की."

"कायबी फरक न्हाई."

चाचा माझ्याकडे वळले. ते स्टुलावरून अर्धे उठले होते. चेहऱ्यावर अशी आशा होती की मला तिकडे बघवेना. "म्याडम, तुमी सांगा. तुमास्नी समजतं ह्यातलं. तुमी म्हनशीला त्ये खरं. बदललंय का न्हाई?"

अख्ख्या वडूजमध्ये फरक झालाय हे माहीत असलेली मी एकटी होते, आणि तो कानानं ओळखणारे चाचा एकटे होते. 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की पुतण्या विचारणार, कुणी बदललं? कधी? मग लग्न, मग सुभेदार, मग आत्या, मग मे महिन्यापासूनचं सगळं. एवढं सगळं माझ्या डोक्यात तेवढ्यात येऊन गेलं.

"नाही चाचा," मी म्हटलं. "तसंच आहे."

चाचा खाली बसले. "बरं," म्हणाले. मग शर्टाच्या खिशातला टेस्टर काढला, जो मी जन्मापासून त्यांच्या खिशात पाहत आले होते, आणि पुतण्याच्या हातात दिला. "तू बघ आता सगळं. मला इचारू नगंस." रेकॉर्ड वाजतच होती. थोड्या वेळानं पुतण्यानं ती बंद केली.

त्यानंतर त्या मशीनचा एकही कर्णा गेला नाही. पुतण्याचा हात चांगला म्हणून गावात नाव झालं. चाचा पुढे पाच-सहा वर्षं होते. त्यांना सांगायच्या संधी मला सुट्टीगणिक मिळाल्या, रस्ता ओलांडायचा की झालं. मी ओलांडला नाही.

एक मात्र दर सुट्टीत घडायचं. सकाळी ते दुकानाच्या दारात रेडिओ लावायचे. बटण हळूहळू फिरवायचे, खरखर यायची, स्टेशन जवळ यायचं, आणि मग ते बरोबर जिथे थांबायला हवं तिथेच थांबायचे, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आवाज स्वच्छ यायचा. आणि मग ते मान वर करून, रस्त्यापलीकडे आमच्या ओसरीवर उभ्या असलेल्या मला विचारायचे, "म्याडम, बरुबर लागलंय का वो?"

"लागलंय चाचा," मी सांगायची. तेव्हा कुठे ते बटणावरचा हात काढायचे.